प्लीहेची वाहिनी-अर्बुदे आणि रक्तपेशींची घट

प्लीहेतील, म्हणजेच पाणथरीतील, रक्तवाहिन्यांच्या अस्तरापासून वाढणाऱ्या गाठींचा हा विरळ गट आहे. त्यांत हेमँजिओमा सर्वाधिक आढळतो. प्लीहेतील रक्तपोकळ्यांचे अस्तर असलेल्या लिटोरल पेशींचा अँजिओमा १९९१ मध्ये स्वतंत्र विकार म्हणून वर्णिला गेला. अँजिओसार्कोमा हा या गटातला जीवघेणा कर्करोग. बहुतेक गाठी निरुपद्रवी असतात आणि भलत्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत सापडतात. काही रुग्णांत मात्र पहिली खूण रक्ततपासणीत उमटते : प्लेटलेट घटलेल्या, हिमोग्लोबिन उतरलेले.

सिंधुदुर्गात ही खूण नजरेआड होणे सोपे आहे. मालवणच्या किनाऱ्यापासून सह्याद्रीच्या पायथ्यापर्यंत पावसाळ्यात ‘पेशी कमी झाल्या’ म्हटले की डेंग्यू, मलेरिया किंवा शेतातल्या चिखलपाण्यातून येणारा लेप्टोस्पायरोसिस आठवतो. दोडामार्ग-सावंतवाडी भागात २०१६ पासून माकडतापाचीही भर पडली आहे. या सर्वांत प्लेटलेट घटतात, मलेरियात पाणथरीही वाढते. तेव्हा तापाचा विचार आधी व्हावा हे योग्यच. पण डेंग्यूसारख्या तापात घटलेल्या प्लेटलेट ताप उतरल्यावर सहसा थोड्याच दिवसांत सावरतात. काही आठवडे उलटूनही त्या खालीच राहिल्या आणि डाव्या बरगडीखाली पाणथरी हाताला लागत असेल, तर तापावर बोट ठेवून थांबणे चूक आहे. अशा वेळी पेशी कमी तयार होतात की तयार होऊन कुठे अडकतात, हे शोधायला हवे.

निरोगी प्रौढाची प्लीहा साधारण १५० ग्रॅमची असते आणि शरीरातल्या सुमारे एक तृतीयांश प्लेटलेट तिच्यात साठलेल्या असतात. ती फार वाढली तर हे प्रमाण ९० टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. अस्थिमज्जा भरपूर पेशी घडवत असते, तरी रक्तात आकडा कमीच दिसतो. पेशी अडकण्याची ही वाट गाठीतही दिसते : लिटोरल अँजिओमाचा छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर रक्ताने भरलेल्या, एकमेकींत उघडणाऱ्या पोकळ्या दिसतात. त्यांना उंच पेशींचे अस्तर असते आणि गिळलेल्या लाल पेशींचे लोह त्यांतल्या काहींच्या पोटात साठलेले असते. पेशी घटण्याची दुसरी वाट गुठळ्यांची. मोठ्या गाठीतल्या वाकड्यातिकड्या पोकळ्यांत रक्त रेंगाळते, गोठते, आणि त्यात प्लेटलेट व रक्त गोठवणारे प्रथिन फायब्रिनोजेन दोन्ही खर्ची पडतात. म्हणून प्लेटलेटबरोबर फायब्रिनोजेनही घटले असेल तर केवळ साठवणुकीचे कारण पुरेसे ठरत नाही.

प्लीहा काढल्यावर पेशी वाढल्या म्हणजे दोष गाठीचाच, असे म्हणता येईल का? नाही. प्लीहा कोणत्याही कारणाने काढली तरी प्लेटलेट काही काळ उसळतात. ही उसळी ओसरल्यावरही आकडा नीट टिकला आणि पॅथॉलॉजीच्या अहवालाने गाठ ठरवली, तरच निष्कर्ष पक्का. दुसरा आक्षेप असा की इतक्या विरळ आजारासाठी सर्वांच्या तपासण्या कशाला? सर्वांच्या नकोतच. यकृताचे विकार, थॅलेसेमिया, रक्ताचे कर्करोग ही पाणथरी वाढण्याची अधिक नेहमीची कारणे आहेत आणि ती आधी तपासावीत. पण टिकून राहिलेल्या घटीत पोटाची सोनोग्राफी करायला फारसा खर्च लागत नाही. सुईने तुकडा घेऊन निदान का करू नये, असेही विचारले जाते. रक्ताने भरलेल्या गाठीत, तेही प्लेटलेट कमी असताना, रक्तस्रावाचा धोका असतो. त्यामुळे संशयास्पद किंवा त्रासदायक गाठीत प्लीहा काढणे हेच बहुधा निदान आणि उपचार दोन्ही ठरते. लहान, बिनत्रासाच्या हेमँजिओमावर मात्र लक्ष ठेवले तरी पुरते. लिटोरल अँजिओमाच्या अनेक रुग्णांत दुसऱ्या अवयवाचा कर्करोगही आढळला आहे. म्हणून शस्त्रक्रियेनंतरही तपासण्या सोडू नयेत.

प्लीहा गेली की न्यूमोकोकससारख्या जंतूंचा संसर्ग काही तासांत जिवावर बेतू शकतो, मलेरियाही बळावतो. ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेच्या किमान दोन आठवडे आधी न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस आणि हिब (हिमोफिलस इन्फ्लुएन्झा बी) यांच्या लसी घ्याव्यात. पुढे कधीही ताप आला तर घरगुती उपायांत वेळ न घालवता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे आणि पाणथरी काढलेली आहे हे डॉक्टरांना सर्वांत आधी सांगावे.