सड्यावरची रेघ

राजापूर तालुक्यातल्या एका सड्यावर मी काढलेला हत्तीचा फोटो चुकीचा आहे. आठ वर्षांपूर्वी तो काढला, दोन-तीन व्याख्यानांत दाखवला आणि एका स्मरणिकेत तो छापूनही आला. फोटोत मागाहून काही फेरफार केलेला नाही. चूक कॅमेरा डोळ्याला लावण्याआधीच झाली होती, माझ्या हातातल्या रांगोळीने.

ज्यांनी सडा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं, सपाट पठार. पावसाळ्यात त्यावर गवत आणि रानफुलं उगवतात, दिवाळीनंतर गवत वाळतं, कापलं जातं आणि खालचा काळपट कातळ उघडा पडतो. या कातळात कोरलेली माणसं, प्राणी, मासे, पक्षी आणि अर्थ न लागणाऱ्या चौकटी म्हणजे कोकणातली कातळशिल्पं. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे, सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी गावोगाव हिंडून, गुराख्यांना आणि शेतकऱ्यांना विचारून रत्नागिरी जिल्ह्यातली कितीतरी ठिकाणं उजेडात आणली. सिंधुदुर्गातल्या कुडोपीची चित्रं सतीश लळित यांच्यामुळे अभ्यासकांपुढे आली. २०२२ मध्ये उक्षी, जांभरुण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे, कुडोपी आणि गोव्यातलं फणसमाळ अशी नऊ ठिकाणं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. पुढच्याच वर्षी तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठीच्या माती परीक्षणावरून बारसूचं नाव देशभर गाजलं, पण त्या गर्दीत कातळाकडे मान वाकवून पाहणारे फार थोडे होते.

मान वाकवावीच लागते, कारण ही चित्रं गुहेच्या भिंतीवर नाहीत, पायाखाली आहेत. फोटो काढणाऱ्याची अडचण इथूनच सुरू होते. कशेळीचा हत्ती सुमारे अठरा मीटर लांब आणि तेरा मीटर रुंद आहे आणि त्याच्या पोटात इतर अनेक प्राणी कोरलेले आहेत. त्याच्या कडेला उभं राहिलं की हत्ती दिसतच नाही, नुसत्या वाकड्यातिकड्या खोबणी दिसतात. ड्रोन हाताशी नव्हता तेव्हा आम्ही बांबूच्या टोकाला कॅमेरा बांधून, शिडी लावून, नाहीतर जवळच्या झाडावर चढून फोटो काढायचो. त्यात दुपारचं ऊन डोक्यावर असलं की खोबणीत सावलीच पडत नाही आणि बोटभर खोल रेघसुद्धा कातळात विरून जाते.

म्हणून रांगोळी. खोबणीतली माती झाडून काढायची, त्यात पांढरी पूड भरायची, की काळ्या कातळावर चित्र उठून दिसतं. अनेकांनी केलं, मीही केलं. खोबणीत रसायनं आणि पूड भरू नये, कातळ खराब होतो, हे आता बहुतेकांना पटलं आहे. पण माझी तक्रार आणखी निराळी आहे. पूड भरताना आपण प्रत्येक रेघेबाबत निकाल देत असतो, की ही माणसाने कोरलेली आणि ती नाही. फोटोत तो निकाल तेवढा उरतो, शंका पुसली जाते.

जांभा फसवा दगड आहे. त्याच्या अंगात मुळात पोकळ नळ्या आणि भोकं असतात. उन्हापावसाने त्याला लांबच लांब चिरा पडतात. चिरेखाणीत चिरा काढण्याआधी मारलेले सरळ चर पुढे काम सोडून दिलं की चौकटीसारखे दिसतात. मांडवाच्या खांबांसाठी पाडलेले खळगेही सापडतात. देवीहसोळला आर्यादुर्गेच्या मंदिराजवळ खरोखरच चौकटीची रचना आहे, तेव्हा चौकट दिसली की खाण समजून पुढे जाताही येत नाही. काठांची झीज, खोबणीच्या तळावरचा रंग, रुंदी सगळीकडे सारखी आहे का, हे रांगत, बोट फिरवत पाहावं लागतं.

माझ्या हत्तीच्या वेळी मी रांगलो नव्हतो. सूर्य कलत होता आणि शेवटची एसटी गाठायची होती. जाड अंग आणि चार पाय स्पष्ट होते. पुढून खाली उतरणारी एक वळणदार रेघ दिसली, मी तिच्यात रांगोळी भरली आणि सोंड झाली. फोटो झाल्यावर गुरं घेऊन परतणारे एक म्हातारे काका बराच वेळ चित्राकडे बघत उभे राहिले.

"दादा, ही सोंड तुमी काढलात," ते म्हणाले. "आमी तिला चीर म्हणतो. पावसात पाणी तिथनं आत जातं."

मी हसलो आणि पिशवी आवरली. याची लाज मला अजून वाटते.

त्यांचं म्हणणं तपासायला मी गेलो तो तीन वर्षांनी, जूनमध्ये. रात्रभर पाऊस पडून सकाळी उघाडी होती. कोरलेल्या खोबणी पाण्याने काठोकाठ भरल्या होत्या आणि त्यांत आभाळ चमकत होतं. पाठ, पोट, चारही पाय, सगळं एखाद्याने आरशाच्या पट्टीने आखल्यासारखं. सोंडेत पाण्याचा थेंब नव्हता. पाणी चिरेतून खाली जिरून गेलं होतं. त्या रात्री मुक्काम केला आणि विजेरी कातळाला टेकवून, आडवा उजेड टाकून पुन्हा पाहिलं. प्रत्येक बाजूने. सोंडेच्या जागी कोरीवकामाचा माग नव्हता, आणि डोकं कुठे संपतं तेही ठरवता येईना.

एका जनावराला सोंड आहे की नाही यावर एवढं काय अडलंय, असं कुणी विचारील. खोबणीत कोळसा किंवा हाड सापडत नाही, त्यामुळे नुसत्या रेघेचं कार्बन पद्धतीने वय काढता येत नाही. मग अंदाज बांधायचा तो चित्रातल्या विषयांवरून आणि आसपास सापडणाऱ्या दगडी हत्यारांवरून. आज कोकणात नसलेले गेंडा आणि पाणघोडा चित्रांत आहेत, याकडे राज्य पुरातत्त्व विभागाचे तेव्हाचे संचालक तेजस गर्गे यांनी २०१८ मध्ये लक्ष वेधलं होतं. काळाचा हिशेब असा प्राण्याच्या ओळखीवर टेकलेला आहे आणि ओळख रेघेवर. जाड अंगाच्या, आखूड पायांच्या माझ्या जनावराच्या तोंडापुढे एक नैसर्गिक खळगा आहे. त्यात रांगोळी टाकली असती तर गेंडाही झाला असता, आणि मग मी काळाबद्दलही चार वाक्यं बोललो असतो.

वहीत आता नोंद आहे: चतुष्पाद, शीर्षभाग अनिश्चित. सोबत तीन फोटो: पावसातला, आडव्या उजेडातला आणि रांगोळीतला. रांगोळीतला फाडावासा वाटला होता, पण ठेवला. स्मरणिकेच्या संपादकांना पत्र लिहिलं, त्याचं उत्तर आलं नाही.

गेल्या हिवाळ्यात पुन्हा गावात गेलो. काका आता नाहीत. थांब्यावरच्या दुकानात माझा जुना फोटो चौकटीत लावलेला दिसला. शाळेच्या सहली येतात, त्यांना तो दाखवून सड्याकडे पाठवतात. मी दुकानदाराला सगळं सांगितलं आणि पावसातला फोटो पुढे केला. त्याने तो उलटसुलट करून पाहिला.

"ह्यात काय आहे ते पोरांना कळायचं नाही," तो म्हणाला. तरी खिळा शोधून त्याने तो हत्तीच्या शेजारी लावला. हत्तीचा मात्र काढू दिला नाही.