कंटाळवाण्या व्याख्यानाचे निदान

लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये हंफ्री डेव्ही यांची रसायनशास्त्रावरील व्याख्याने ऐकायला एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मोठी गर्दी लोटत असे. १८१२ साली त्या गर्दीत मायकेल फॅरेडे हा पुस्तकबांधणीचा उमेदवार होता. ऐकलेल्या चार व्याख्यानांची टिपणे त्याने स्वतः बांधून डेव्हींना पाठवली आणि मार्च १८१३ मध्ये तो त्याच संस्थेत मदतनीस म्हणून लागला.

त्या जूनमध्ये बेंजामिन अ‍ॅबट या मित्राला लिहिलेल्या पत्रांत एकवीस वर्षांच्या फॅरेडेने व्याख्यानाचे गुणदोष बारकाईने तपासले. स्वतः व्याख्याने देऊ लागण्यापूर्वीच, श्रोत्याच्या जागेवरून केलेली ही तपासणी असल्यामुळे तिचे मोल मोठे आहे. कंटाळ्याचे खापर त्याने एकट्या वक्त्यावर फोडले नाही. हवा खेळत नसलेल्या सभागृहात उत्तम विषयही श्रोत्यांना नकोसा होतो, हे त्याने नोंदवले. कोणाचेही व्याख्यान तासाभरापेक्षा लांबू नये, असे त्याचे मत होते. वक्त्याच्या दोषांत त्याला घाईचे, अस्पष्ट बोलणे खटकले. श्रोत्यांकडे पाठ फिरवणे आणि टेबलाला खिळून उभे राहणे त्याला पसंत नव्हते. वरचेवर माफी मागणे आणि टाळ्यांसाठी हात पसरणे, या दोन्ही गोष्टी तो वक्त्याला न शोभणाऱ्या मानत असे. हे शेवटचे निरीक्षण विशेष मार्मिक आहे, कारण दोन्हींत वक्त्याचे लक्ष विषयावरून उडून स्वतःकडे वळते.

पुढे फॅरेडे स्वतः व्यासपीठावर आला, तेव्हा उपजत गुणांवर विसंबून राहिला नाही. बेंजामिन स्मार्ट या वक्तृत्वशिक्षकाकडून त्याने धडे घेतले. बोलण्याचा वेग वाढला की मदतनीस अँडरसन त्याच्यापुढे ‘हळू’ असे लिहिलेले कार्ड ठेवी. तास संपत आला की ‘वेळ’ असे लिहिलेले.

१८२५ मध्ये संस्थेत मुलांसाठी नाताळची व्याख्याने सुरू झाली. १८२७ ते १८६० या काळात त्यांतल्या १९ मालिका एकट्या फॅरेडेने दिल्या. मेणबत्तीवरच्या त्याच्या मालिकेत ज्योत, काजळी, पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड यांचे प्रयोग मुलांसमोर होत गेले आणि ज्वलनापासून श्वसनापर्यंतचे रसायनशास्त्र उलगडत गेले. विल्यम क्रुक्स यांनी संपादित केलेली ही व्याख्याने १८६१ मध्ये ग्रंथरूपाने निघाली.