एक गोष्ट, दोन लेखण्या : भावंडांच्या संयुक्त अद्भुतलेखनाविषयी

बुलडाणा, प्रतिनिधी : लोणार सरोवराची आख्यायिका बुलडाणा जिल्ह्यात घरोघरी सांगितली जाते. लवणासुर नावाचा दैत्य जमिनीखालच्या विवरात दडून राहत असे. विष्णूने दैत्यसूदनाचे देखणे रूप घेतले, दैत्याच्या दोन बहिणींना मोहित केले आणि त्यांच्याकडून भावाची लपण्याची जागा जाणून घेतली. मग पायाच्या अंगठ्याने विवराचे झाकण उडवून त्याने दैत्याचा वध केला. ते विवर म्हणजेच आजचे सरोवर, असे लोक मानतात. बेसॉल्ट खडकात उल्कापाताने हे विवर तयार झाले, त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे, हे विज्ञानाने सिद्ध केले. २०२० मध्ये सरोवराला रामसर स्थळाचा दर्जाही मिळाला. तरी आख्यायिका मागे पडलेली नाही. बहिणींनी भावाचे गुपित का सांगितले, त्यांचे पुढे काय झाले, हे प्रश्न गोष्ट ऐकणाऱ्या मुलांच्या मनात उरतातच.

अशा उरलेल्या प्रश्नांतूनच अद्भुत कादंबरी जन्म घेते. घरात दोन-तीन भावंडे असतील, तर ती एकट्याची राहत नाही. एकाने राज्य कल्पावे, दुसऱ्याने त्यात नदी सोडावी, तिसऱ्याने शत्रू उभा करावा, असा तो खेळ असतो. हा खेळ वहीवर उतरला आणि किशोरवयीन वाचकांसाठी भागाभागांची मालिका झाला, तर काय घडते? जगात याची ठळक उदाहरणे आहेत. कल्पनाशक्ती कमी पडल्याने अशी कामे सहसा थांबत नाहीत. निर्णय कोणाचा आणि नाव कोणाचे, या दोन प्रश्नांची उत्तरे वेळेवर न दिल्याने ती अडतात, असे या उदाहरणांवरून दिसते.

मराठीतील परंपरा

मराठीत अद्भुताची आवड जुनी आहे. 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' या भाषांतराचे काम कृष्णशास्त्री चिपळूणकर यांनी सुरू केले. पुढे त्यांचे पुत्र विष्णुशास्त्री आणि हरि कृष्ण दामले यांनी ते तडीस नेले. एका घरातील दोन पिढ्यांचा हात लागलेले हे अद्भुतवाङ्मय मराठी वाचकांनी डोक्यावर घेतले. त्यानंतर नाथमाधवांच्या 'वीरधवल'ने तरुण वाचकांना वेड लावले. भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेने कुमारांसाठी एकाच नायकाची मालिका किती लोकप्रिय होऊ शकते, हे दाखवून दिले.

भावंडांनी एकत्र लिहिण्याची वाट मात्र मराठीत फारशी मळलेली नाही. ग. दि. माडगूळकर आणि व्यंकटेश माडगूळकर हे एकाच घरातील दोन मोठे लेखक. पण एकाची वाट गीतांची, तर दुसऱ्याची कथा-कादंबरीची. दोघांनी आपापल्या नावाने आणि आपापल्या शैलीत लिहिले.

महाराष्ट्रातील अलीकडचे जवळचे उदाहरण मुंबईत जन्मलेले लेखक अमीश त्रिपाठी यांचे आहे. त्यांची शिवकथेवरील इंग्रजी त्रयी २०१०, २०११ आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. ती त्यांच्या एकट्याच्या नावावर आहे. पुढे २०२० मध्ये 'धर्म' आणि २०२३ मध्ये 'आयडॉल्स' ही पुस्तके मात्र त्यांनी भगिनी भावना रॉय यांच्यासह लिहिली. 'धर्म'मध्ये काल्पनिक पात्रांच्या संवादांतून महाकाव्यांतील व्यक्तिरेखांचा अर्थ लावला आहे. मुखपृष्ठावर दोघांची नावे आहेत. एकाचे नाव आधीच प्रसिद्ध असताना दुसऱ्याला बरोबरीचे श्रेय देणे, ही या उदाहरणातील लक्षात घेण्याजोगी बाब आहे.

हॉवर्थच्या घरातील चार मुले

किशोरवयातील संयुक्त अद्भुतलेखनाचा सर्वांत प्रसिद्ध दाखला इंग्लंडमधील ब्रॉन्टे भावंडांचा आहे. १८२६ मध्ये वडिलांनी मुलगा ब्रॅनवेलसाठी बारा लाकडी सैनिक आणले. शार्लट, ब्रॅनवेल, एमिली आणि ॲन या चौघांनी त्या सैनिकांना नावे दिली आणि त्यांच्यासाठी 'ग्लास टाउन' हे राज्य कल्पिले. पुढे शार्लट व ब्रॅनवेल यांनी 'आंग्रिया', तर एमिली व ॲन यांनी 'गोंडल' ही स्वतंत्र राज्ये उभी केली. काडेपेटीएवढ्या पुस्तिकांत अतिशय बारीक अक्षरात लिहिलेल्या त्यांच्या काही गोष्टी आजही जपून ठेवलेल्या आहेत.

१८४६ मध्ये तिघी बहिणींनी टोपणनावांनी एकत्रित कवितासंग्रह काढला, तेव्हा त्यात ब्रॅनवेल नव्हता. ज्याच्या सैनिकांपासून खेळ सुरू झाला, त्याचे नाव पुस्तकावर आले नाही. पुढच्याच वर्षी तिघींच्या कादंबऱ्या बाहेर पडल्या. १८४८ च्या सप्टेंबरात ब्रॅनवेल, डिसेंबरात एमिली आणि १८४९ च्या मे महिन्यात ॲन यांचे निधन झाले. गोंडलच्या कविता उरल्या, पण त्या राज्याच्या गद्य कथा कायमच्या हरवल्या. घरातील वह्या सांभाळून ठेवणे किती मोलाचे असते, हे यावरून कळते.

ग्रिम आणि स्त्रुगात्स्की

जर्मनीतील याकोब आणि विल्हेल्म ग्रिम या बंधूंच्या लोककथासंग्रहाचे दोन खंड १८१२ आणि १८१५ मध्ये निघाले. सुरुवातीला दोघांचे श्रम सारखे होते. पुढच्या आवृत्त्यांची भाषा घडविण्याचे काम मुख्यतः विल्हेल्मने केले. १८५७ ची सातवी आवृत्ती ही त्यांच्या हयातीतील शेवटची मोठी आवृत्ती. याकोबचा ओढा भाषाशास्त्राकडे वाढला, तरी पुस्तकावर दोघांचे नाव कायम राहिले. कामाची वाटणी बदलली म्हणून नाते किंवा नाव बदलले नाही.

रशियातील अर्कादी आणि बोरिस स्त्रुगात्स्की यांची पद्धत निराळी होती. थोरला जपानी भाषेचा भाषांतरकार, धाकटा खगोलशास्त्रज्ञ. एक मॉस्कोत, दुसरा लेनिनग्राडमध्ये. दोघे ठरवून एकत्र येत आणि एक जण टंकयंत्रावर बसला की वाक्य मोठ्याने बोलून, वाद घालून, दोघांना पटले की कागदावर घेत. जादूच्या संशोधन संस्थेवरची त्यांची विनोदी कादंबरी १९६५ मध्ये, तर 'रोडसाइड पिकनिक' १९७२ मध्ये प्रसिद्ध झाली. १९९१ मध्ये अर्कादी गेले. त्यानंतर बोरिस यांनी दोन कादंबऱ्या लिहिल्या, पण त्या टोपणनावाने. दोघांचे नाव त्यांनी एकट्याच्या लेखनासाठी वापरले नाही.

कामाची पद्धत

या उदाहरणांवरून संयुक्त लेखनाच्या तीन रीती दिसतात. पहिली, शेजारी बसून एकच मजकूर तयार करणे. दुसरी, एकाने कच्चा खर्डा लिहिणे आणि दुसऱ्याने त्यावर हात फिरविणे. तिसरी, पात्रे किंवा प्रदेश वाटून घेणे. ताईने राजकन्येची प्रकरणे लिहावीत, दादाने सेनापतीची. तिसरी रीत सोपी वाटते, पण तीत विसंगतीचा धोका अधिक. पहिल्या भागात आंधळा असलेला म्हातारा तिसऱ्या भागात पत्र वाचू लागला, तर किशोर वाचक ती चूक नेमकी पकडतो.

यासाठी एक सामाईक वही ठेवावी. तीत नकाशा, पात्रांची वये, घटनांचा क्रम आणि जादूचे नियम लिहावेत. जादूने काय साधते यापेक्षा काय साधत नाही आणि तिची किंमत कोण मोजतो, हे आधी ठरवावे. मतभेद झाल्यास शेवटचा शब्द कोणाचा, हेही त्याच वहीत लिहून ठेवावे. घरात थोरल्याचा शब्द चालतो. कथेत तो चालेलच असे नाही.

वऱ्हाडातील भावंडांपुढे भाषेचाही प्रश्न येतो. निवेदन प्रमाण मराठीत आणि संवाद वऱ्हाडीत ठेवायचे असतील, तर ते सर्व भागांत सारखेच राहिले पाहिजे. सामग्रीला तर तोटाच नाही. लोणारचे विवर, सिंदखेडराजाचे वाडे, ज्ञानगंगेचे अरण्य, अजिंठ्याच्या डोंगररांगेत उगम पावणारी पैनगंगा आणि उत्तरेकडे सातपुड्याच्या पायथ्याचे अंबाबरवा अभयारण्य, एवढा नकाशा जिल्ह्यातच तयार आहे.

नाव आणि हक्क

ज्या लेखनात एकाचा वाटा दुसऱ्यापासून वेगळा काढता येत नाही, त्याला कॉपीराइट कायदा, १९५७ संयुक्त लेखन मानतो. लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षे हक्क टिकतो. संयुक्त लेखनात ही मुदत सर्वांत शेवटी निधन पावणाऱ्या लेखकापासून मोजली जाते. हक्क सोपविण्याचा करार लेखी असावा लागतो. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. म्हणून मुदत, मानधन आणि पुढील भागांचे हक्क स्पष्ट लिहून घ्यावेत आणि करारावर सर्व भावंडांच्या सह्या असाव्यात. १८ वर्षांखालील व्यक्तीला स्वतः करार करता येत नाही, त्यामुळे तिच्या वतीने पालकाने व्यवहार पाहावा. मात्र वय लहान आहे म्हणून लेखक म्हणून तिचे नाव वगळण्याचे कारण नाही. पुस्तक स्वतः काढणाऱ्यांना आयएसबीएन क्रमांक राजा राममोहन रॉय यांच्या नावाच्या राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो.

भावंडांमध्ये कागद कशाला, असे घरातील वडीलधारी मंडळी म्हणतील. पण शेताचा बांध आखलेला असला की भावाभावांत बोलणे राहते, हे याच जिल्ह्यातील शेतकरी जाणतात. गोष्टीचे राज्य शेतासारखे डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्याचा बांध आधीच आखलेला बरा. पहिला भाग छापखान्यात जाण्यापूर्वी मुखपृष्ठावर कोणकोणती नावे आणि कोणत्या क्रमाने येतील, एवढे जरी ठरले, तरी मालिकेचा दुसरा भाग निघण्याची शक्यता बरीच वाढते.