लोणारचे विवर आणि मराठीतील विश्वविषयक लोकाभिमुख ग्रंथ : एक ऐतिहासिक चिकित्सा

प्रास्ताविक :
विश्वाच्या उत्पत्तीची जिज्ञासा मानवाइतकीच पुरातन आहे. बुलडाणा जिल्ह्यातील लोणार येथे ती डोळ्यांसमोर उभी राहते. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या या विवराचा खुलासा प्रथम पुराणकथेने केला. विष्णूने लवणासुराचा वध केला, ही कथा दैत्यसुदन मंदिराने आजही जपली आहे. शास्त्रीय खुलासा मात्र दीर्घकाळ बदलत राहिला. या बदलाच्या प्रकाशात मराठीतील विश्वविषयक ग्रंथांचा विचार करणे हे प्रस्तुत निबंधाचे प्रयोजन आहे.

विवराचे बदलते अर्थ :
१८२३ मध्ये जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने लोणारची नोंद केली. एकोणिसाव्या शतकातील भूवैज्ञानिक त्यास ज्वालामुखीजन्य मानत. १८९६ मध्ये अमेरिकन भूवैज्ञानिक जी. के. गिल्बर्ट यांनी ॲरिझोनातील विवराशी लोणारचे साम्य दाखविले. परंतु ॲरिझोनातील विवरही त्यांनी वाफेच्या स्फोटाचाच परिणाम मानला. १९७३ मध्ये मात्र प्रचंड आघातानेच निर्माण होणारी मॅस्केलिनाइट ही काच येथील बेसाल्टमध्ये आढळल्याचे प्रसिद्ध झाले आणि उल्कापाताचा पक्ष बळकट झाला. विवराचे वय १९९७ मध्ये सुमारे ५२ हजार वर्षे ठरविण्यात आले. २०११ मध्ये अरगॉन पद्धतीने ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे निघाले. म्हणजे अवघ्या चौदा वर्षांत उत्तर दसपटीहून अधिक बदलले.

मराठी ग्रंथपरंपरा :
गिल्बर्ट यांनी लोणारचा विचार केला त्याच १८९६ साली शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. सामान्य वाचकांसाठी त्यांनी 'ज्योतिर्विलास' लिहून आकाशदर्शनाची गोडी लावली. १९२८ पासूनचे 'सृष्टिज्ञान' मासिक आणि १९६६ मध्ये स्थापन झालेली मराठी विज्ञान परिषद यांनी ही परंपरा पुढे नेली. तिचा कळस डॉ. जयंत नारळीकर (१९३८-२०२५) यांच्या लेखनात दिसतो. 'आकाशाशी जडले नाते' या ग्रंथाने खगोलशास्त्र घरोघरी पोहोचविले. फ्रेड हॉईल यांचे सहकारी असलेल्या नारळीकरांनी महास्फोट सिद्धांताविषयीची शंका अखेरपर्यंत सोडली नाही. १९६५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सूक्ष्मलहरी पार्श्वप्रारणाच्या शोधानंतर बहुसंख्य शास्त्रज्ञ महास्फोटाच्या बाजूस गेले. विश्वाचे वय आज सुमारे १,३८० कोटी वर्षे मानले जाते. नारळीकरांचा पक्ष अल्पमतात राहिला. तरीही शास्त्रातील मतभेद पुराव्याच्या आधारे कसा मांडावा, याचा वस्तुपाठ त्यांनी घालून दिला, हे मान्य करावे लागेल.

चिकित्सा :
येथेच अध्यापकांसमोरचा खरा प्रश्न उपस्थित होतो. ग्रंथालयातील पुस्तकात ५२ हजार हा आकडा छापलेला असतो आणि विद्यार्थी तो पाठ करतो. पुढे आकडा बदलला की 'शास्त्रज्ञांनाच ठाऊक नाही' असे म्हणून पुराणकथा व शास्त्र यांना एकाच तागडीत तोलण्याचा मोह होतो. वस्तुतः कथा पुराव्याने बदलत नाही. शास्त्राचे उत्तर बदलते आणि ते का बदलले हेही सांगता येते. हा फरक जे पुस्तक सांगत नाही, ते माहिती देते. दृष्टी देत नाही.

निष्कर्ष :
विश्वविषयक लोकाभिमुख ग्रंथाचे मोल त्यातील अंतिम उत्तरावर नव्हे, तर उत्तरापर्यंतचा मार्ग दाखविण्यावर ठरते. अशा ग्रंथांच्या सुधारित आवृत्त्या निघणे आणि त्यांत जुन्या मतांचा इतिहासही राहणे अगत्याचे आहे. लोणारच्या काठावर उभ्या असलेल्या विद्यार्थ्यास विवराच्या वयाबरोबर ते वय कसे ठरविले गेले हेही सांगता आले, तर ग्रंथ आणि अध्यापक या दोहोंचे कार्य सफल झाले असे म्हणता येईल.