रायपूर : सांडपाणी व्यवस्था

छत्तीसगडची राजधानी रायपूर येथील सांडपाणी गोळा करून शुद्ध करणारी सार्वजनिक सेवा. ती रायपूर महानगरपालिकेच्या अखत्यारीत येते. शहर खारून नदीकाठी वसले आहे. ही नदी पुढे शिवनाथला व शिवनाथ महानदीला मिळते. शहराचे पिण्याचे पाणी मुख्यतः खारूनवरील भाटागाव येथून उचलले जाते आणि शहराचे नालेही याच नदीकडे वाहतात. त्यामुळे सांडपाण्याचे शुद्धीकरण ही येथे आरोग्याची प्राथमिक गरज आहे.

नाल्यांचे पाणी नदीत मिसळण्यापूर्वी अडवून शुद्धीकरण केंद्रांकडे वळविणे, ही या व्यवस्थेची मुख्य पद्धत. निमोरा (प्रतिदिन ९० दशलक्ष लिटर), चंदनीडीह (७५) व कारा (३५) ही प्रमुख केंद्रे होत. तेथे आधी कचरा व वाळू वेगळी काढतात. मग हवा पुरवून वाढविलेले जीवाणू सेंद्रिय घाण खातात. तळाशी बसलेला गाळ काढून उरलेल्या पाण्याचे निर्जंतुकीकरण करतात.

या सेवेमुळे कॉलरा, कावीळ, विषमज्वर यांसारख्या जलजन्य रोगांचा धोका घटतो. पाण्यात प्राणवायू टिकून मासे जगतात. खारूनकाठच्या महादेव घाटावर स्नान करणाऱ्यांना आणि नदीच्या खालच्या भागातील गावांनाही या सेवेचा लाभ होतो. शुद्ध केलेले पाणी उद्याने, बांधकामे व कारखान्यांना देता येते आणि तेवढे गोडे पाणी वाचते. उदाहरणार्थ, नागपूरच्या भांडेवाडी शुद्धीकरण केंद्राचे पाणी कोराडी औष्णिक वीजकेंद्राला पुरविले जाते. वाळविलेला गाळ हानिकारक धातू व रोगजंतूंपासून मुक्त असल्यास खत म्हणून उपयोगी पडतो.