छंदिष्टांच्या संगणक जाळ्यातील दप्तर : फिडोनेटची नोंदपद्धती

दप्तर, रोजनामा, तारीख, बाकी हे शब्द मराठीत फारसी-अरबीतून आले आणि कारभाराबरोबर रुजले. काय बदलले, केव्हा बदलले आणि कोणाकडून आले हे मागाहून कळावे, ही त्यामागची गरज होती. विसाव्या शतकाच्या अखेरीस हौशी संगणकप्रेमींच्या जाळ्यालाही तीच गरज भासली.

१९७८ मध्ये वॉर्ड क्रिस्टन्सन व रँडी स्यूस यांनी शिकागो येथे दूरध्वनीवरून वाचता येणारा पहिला संगणकीय सूचनाफलक सुरू केला. १९८४ मध्ये टॉम जेनिंग्ज यांनी असे फलक जोडणारे 'फिडोनेट' उभे केले. रात्री दर कमी असताना एका घरचा संगणक मोडेमद्वारे दुसऱ्याला फोन करी व टपाल पोचवी. सारा डोलारा दूरध्वनी क्रमांकांच्या यादीवर, म्हणजे 'नोडलिस्ट'वर उभा होता. यादीत चूक झाली, तर मध्यरात्री भलत्याच घरी घंटी वाजत असे.

ही यादी दर शुक्रवारी निघे. फाइलच्या नावाला वर्षातील कितवा दिवस तो आकडा जोडत. ३ जुलै १९८७ च्या यादीला १८४. दर आठवड्याला संपूर्ण यादी पाठवणे खर्चिक असल्याने फक्त फरकाची फाइल पाठवत. तीत तीनच आज्ञा असत : इतक्या ओळी जशाच्या तशा ठेवा, इतक्या गाळा, इतक्या नव्या घाला. फरकाच्या फाइलची पहिली ओळ जुन्या यादीच्या पहिल्या ओळीशी जुळावी लागे. यादीच्या त्या ओळीत पूर्ण तारीख व पडताळणीचा आकडा असे. एखाद्या आठवड्याची फाइल हुकली की साखळी तुटे आणि पूर्ण यादी नव्याने मागवावी लागे.

इतर फाइलींसोबत एक चिठ्ठी जाई. तीत फाइलचे नाव, वर्णन, मूळ ठिकाण व वाटेतील केंद्रे नोंदलेली असत. शिवाय प्रत्येक यंत्र आपला रोजनामा लिही : फोन केव्हा लागला, काय आले, कोठे तुटले. रात्री झोपलेला संचालक सकाळी तो वाचून दोष शोधी.

भारतात अतुल चिटणीस (१९६२–२०१३) यांनी १९८९ मध्ये बंगळूर येथे 'सीआयएक्स' ही दूरध्वनीवरील सेवा सुरू केली. बेळगावच्या गोगटे तंत्रनिकेतन संस्थेत त्यांचे अभियांत्रिकीचे शिक्षण झाले होते. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले आणि हौशी फलकांचा काळ ओसरला.

नोंदीचे मोल सिल्वासाला नवे नाही. १७७९ च्या मराठे-पोर्तुगीज तहातून नगर हवेलीचा महसूल पोर्तुगिजांकडे गेला. १९५४ मध्ये प्रदेश मुक्त झाल्यावर पोर्तुगालने १९५५ मध्ये हेगच्या न्यायालयात दावा लावला. तेथे भारताने तहाच्या निरनिराळ्या पाठांतील तफावतीवर बोट ठेवले. उभय पक्षांना मान्य असा अधिकृत पाठच नव्हता. १२ एप्रिल १९६० च्या निकालात न्यायालयाने म्हटले की, मराठ्यांनी महसुलाचा हक्क दिला, सार्वभौमत्व नव्हे. ब्रिटिशांनी मात्र पुढे पोर्तुगीज सत्ता गृहीत धरली.

महाविद्यालयांत आजही गुणपत्रके व हजेरीच्या फाइली जुन्या प्रतीवरच नव्याने जतन होतात. पुढे वाद उठला तर मूळ आकडा कोणाकडेच नसतो, आणि नुकसान विद्यार्थ्याचे होते. जुनी प्रत राखणे, फरक वेगळा लिहिणे, बदलणाऱ्याचे नाव व तारीख टाकणे, एवढे छंदिष्टांनी विनावेतन सांभाळले. पगारी संस्थांना ते जड जाऊ नये.