खाजगी आयपी पत्त्याची कुळकथा

मालगुंडमधील एखाद्या घराच्या राउटरला १९२.१६८.१.१ हा आयपी पत्ता असला, तर तोच पत्ता त्याच क्षणी शेजारच्या गणपतीपुळ्यातील निवासात आणि जगभरच्या असंख्य घरांतही वापरात असतो, आणि तरीही कोणाचा निरोप कोणाकडे जात नाही. ग्रामपंचायतीच्या कर आकारणी नोंदवहीतील घर क्रमांक जसा त्या पंचायतीपुरताच खरा असतो, तसाच हा पत्ता घरापुरता खरा असतो. बाहेरच्या जगाला दिसणारा सार्वजनिक पत्ता मात्र सेवा पुरवणाऱ्या कंपनीकडून येतो आणि तो जगात एकमेव असावा लागतो.

ही विभागणी मुळात नव्हती. सप्टेंबर १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चौथ्या आवृत्तीत आयपी पत्ता ३२ बिटांचा, म्हणजे ३२ द्विमान अंकांचा ठरला. त्यामुळे एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटींवर जाऊ शकत नव्हते, आणि प्रत्येक यंत्राला स्वतंत्र पत्ता हे तत्त्व तेव्हा कोणालाही महागडे वाटले नव्हते. नव्वदीच्या दशकात पत्ते संपण्याची चिन्हे दिसू लागली, तेव्हा मार्च १९९४ मध्ये याकोव्ह रेख्टर आणि सहकाऱ्यांनी आरएफसी १५९७ या तांत्रिक टिपणात तीन पट्टे अंतर्गत वापरासाठी राखून ठेवले. त्यांतील सर्वांत मोठा, १० ने सुरू होणारा, १ कोटी ६७ लाखांहून अधिक पत्त्यांचा पट्टा पूर्वी आर्पानेटचा होता आणि ते जाळे १९९० मध्ये बंद पडल्यामुळे मोकळा झाला होता; दुसरा १७२.१६ ते १७२.३१ असा होता, तर घरोघरी ओळखीचा झालेला १९२.१६८ हा पट्टा अवघ्या ६५,५३६ पत्त्यांचा, तिघांत सर्वांत लहान.

विरोध तत्काळ झाला. जुलै १९९४ च्या आरएफसी १६२७ मध्ये एलियट लिअर आणि इतरांनी असा आक्षेप घेतला की, दोन संस्था उद्या एकत्र आल्या तर त्यांचे पत्ते एकमेकांवर आदळतील आणि पत्ता जगात एकमेव असण्याची हमीच नाहीशी होईल. आक्षेप खरा होता, पण टंचाई त्याहून खरी होती. फेब्रुवारी १९९६ मध्ये सुधारित टिपण आरएफसी १९१८ म्हणून आले, तेव्हा त्याच्या लेखकांत खुद्द लिअर यांचेही नाव होते.

खाजगी पत्त्याची यंत्रे बाहेर बोलू शकली ती मे १९९४ मध्ये केजेल्ड एगेव्हांग आणि पॉल फ्रान्सिस यांनी मांडलेल्या पत्ता-भाषांतरामुळे, म्हणजे नॅटमुळे. आजच्या घरगुती रूपात राउटर बाहेर जाणाऱ्या प्रत्येक निरोपावरील खाजगी पत्ता पुसून तेथे सार्वजनिक पत्ता घालतो, पोर्ट क्रमांकाची नोंद ठेवतो आणि उत्तर आले की नोंद पाहून ते योग्य यंत्राकडे वळवतो. मूळ टिपणाने या युक्तीला तात्पुरता उपाय म्हटले होते, आणि तात्पुरत्या सोयी किती चिवट असतात याचा हा नमुना मानायला हरकत नाही.

पुढे सार्वजनिक पत्तेच इतके दुर्मीळ झाले की, आशिया-प्रशांत विभागाची नोंदणी संस्था एप्रिल २०११ मध्ये आपल्या अखेरच्या साठ्यावर आली आणि एप्रिल २०१२ मध्ये १००.६४ ते १००.१२७ हा आणखी एक पट्टा कंपन्यांच्या अंतर्गत वापरासाठी राखला गेला. कंपनीने अशी व्यवस्था वापरली असेल तर घराच्या राउटरलाही खरा सार्वजनिक पत्ता मिळत नाही आणि भाषांतर दोनदा होते. मुंबईतील चाकरमान्याला मालगुंडच्या बंद घरातील कॅमेऱ्याशी थेट जोडणी करता येत नाही आणि कॅमेरा बनवणाऱ्या कंपनीच्या मध्यस्थ सर्व्हरमार्फत चित्र मागवावे लागते, त्यामागे पुष्कळदा हेच कारण असते.

१२८ बिटांच्या सहाव्या आवृत्तीने टंचाई संपवली, कारण तीत एकट्या घरगुती जाळ्यालाही जुन्या इंटरनेटच्या एकूण पत्त्यांहून कितीतरी अधिक पत्ते मिळतात. तरीही ऑक्टोबर २००५ मध्ये, काटकसरीचे कोणतेच कारण नसताना, त्या आवृत्तीतही स्थानिक वापरापुरता एक स्वतंत्र पट्टा ठरवण्यात आला, आणि त्यातील क्रमांक आदळू नयेत म्हणून या वेळी ४० बिटे यादृच्छिक, म्हणजे स्वैरपणे, निवडण्याचा नियम घालण्यात आला.